पश्चिमेची काच आणि एसीचं बिल

जून २०२५मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जाहीर केलं, की एसीचं तापमान २० ते २८ अंशांच्या मधेच ठेवता येईल असा नियम आणायचा विचार आहे. त्या दिवशी आमच्या ऑफिसात काम कमी आणि वाद जास्त झाला. खिडकीच्या रांगेतले म्हणत होते, १८वर लावूनही आम्हाला घाम येतो. एसीच्या जाळीखाली बसणाऱ्या दोघीजणी म्हणाल्या, २८ तर २८, आमची शालीतून सुटका होईल.

दोन्ही बाजू खऱ्या होत्या. आमचं ऑफिस पुण्याच्या पश्चिम उपनगरात, पाचव्या मजल्यावर आहे. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, जमिनीपासून छतापर्यंत. दुपारी साडेतीनला सगळे ब्लाइंड्स खाली येतात आणि अंधार झाला म्हणून दिवे लागतात. बाहेर लख्ख ऊन, आत ट्यूबलाइट. एका सहकाऱ्याने टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आणून स्वतःच्या खुर्चीमागच्या काचेला सेलोटेपने चिकटवला आहे. एप्रिलात त्या काचेला आतून हात लावला तर तापत ठेवलेल्या तव्याची आठवण येते. अशा खोलीत रिमोटवर कोणता आकडा लावायचा यावर भांडण्याला मर्यादित अर्थ आहे. खरा आकडा नकाशा काढला त्या दिवशीच ठरून गेला.

'पॅसिव्ह कूलिंग' ही काय भानगड आहे?

इमारत गार ठेवण्याचे दोन मार्ग. आत आलेली उष्णता यंत्राने उचलून बाहेर फेकायची, हा एसीचा. दुसरा म्हणजे इमारतीची दिशा, भिंती, सावली, वारा आणि पाणी यांच्या जोरावर उष्णता मुळात आत कमी येऊ द्यायची आणि आलेली आपोआप बाहेर जाऊ द्यायची. या दुसऱ्या मार्गाला पॅसिव्ह कूलिंग म्हणतात. त्याला 'निष्क्रिय शीतकरण' असा एक सरकारी छापाचा प्रतिशब्द आहे. तो ऐकून इमारत आळशी आहे असं वाटतं, म्हणून मी 'बिनयंत्राचा गारवा' म्हणतो.

कल्पना आपल्याला नवी नाही. सोलापूर-मराठवाड्यातलं माळवदाचं घर आठवा: जाड भिंती, छतावर मातीचा थर, खिडक्या लहान. कोकणातलं घर नेमकं उलट: उतरतं कौलारू छप्पर, कौलांच्या फटींतून निसटणारी हवा, भोवती पडवी. एकाच राज्यात दोन घरं इतकी वेगळी, कारण उकाडाही दोन तऱ्हांचा. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

काच किती टनांची?

एसी 'दीड टनाचा' म्हणतात तेव्हा ते त्याचं वजन नसतं. बर्फ विकत घेऊन खोल्या गार करायच्या काळातलं हे माप आहे. एक टन बर्फ (अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो) चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उपसण्याची क्षमता म्हणजे एक टन. आजच्या भाषेत साधारण साडेतीन किलोवॅट.

आता ढोबळ हिशेब करू. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला सहाशे-सातशे वॅट ऊन पडतं. साधी काच त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास आत सोडते. म्हणजे एका चौरस मीटरमागे पाचशे वॅट. सात चौरस मीटर काच, म्हणजे साडेतीन दरवाजे शेजारी ठेवले तर जेवढी होईल तेवढी, आणि एक टनाचा एसी खलास. त्याने अजून माणसांना हातही लावलेला नाही. बसून काम करणारा माणूस शंभर वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकतो, त्यात त्याचा कॉम्प्युटर वेगळा.

काचेची खोड अशी, की ऊन तिच्यातून सहज आत येतं. पण त्या उन्हाने टेबलं-खुर्च्या तापल्या की त्यांच्यातून निघणारी उष्णता काच तशीच बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभी केलेली गाडी दुपारी उघडली की तोंडावर येणारी वाफ तीच. महागड्या, विशेष थर दिलेल्या दुहेरी काचा उन्हातली पाव हिस्सा उष्णताच आत सोडतात. उपयोग नक्की होतो, पण पाव हिस्सासुद्धा अख्ख्या भिंतीभर असला की पुरेसा त्रास देतो.

सावली बाहेरून हवी

ब्लाइंड्स असतातच की, असं कुणी म्हणेल. ब्लाइंड्स काचेच्या आत असतात. ऊन त्यांच्यापर्यंत पोचलं तेव्हा ते खोलीत आलेलंच असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता आतच सोडत बसतो. भिजल्यावर उघडलेली छत्री! अडवायचं तर काचेच्या बाहेर: छज्जा, जाळी, उभ्या पट्ट्या, बांबूच्या चिका, झाड.

कोणत्या बाजूला काय, हे सूर्य ठरवतो. दक्षिणेला दुपारचा सूर्य उंच असतो, तिथे आडवा छज्जा पुरतो. आपल्याकडे एक गंमतही होते. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी चक्क उत्तरेकडून जातो. परदेशी मासिकातलं 'उत्तरेची काच निर्धोक' हे वाक्य इथे जसंच्या तसं लावता येत नाही ते यामुळे. तरी तोही उंचावरचा सूर्य, उत्तरेला लहानसा छज्जा दिला की भागतं.

पश्चिमेचं गणित अवघड. संध्याकाळचा सूर्य खाली उतरून थेट डोळ्यांसमोर येतो, छज्जाच्या खालून आत शिरतो. तिथे उभ्या, तिरक्या पट्ट्या लागतात. ल कॉर्ब्यूजिए या वास्तुरचनाकाराने अहमदाबादेत गिरणीमालकांच्या संघटनेसाठी बांधलेली इमारत १९५४ची. तिच्या पश्चिमेच्या, रस्त्याकडच्या तोंडावर काँक्रीटच्या जाड, तिरक्या फळ्या आहेत. पूर्वेच्या, नदीकडच्या बाजूला त्या सरळ आहेत. नकाशा कुणी समजावून द्यायची गरज नाही. फळ्या बघून ऊन कुठून येतं ते कळतं. सर्वात स्वस्त उपाय मात्र फळ्यांच्याही आधीचा: इमारत पूर्व-पश्चिम लांब आणि उत्तर-दक्षिण तोंडाची ठेवायची, जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं पश्चिमेला टाकायची. जिन्याला उकडत नाही.

"पण उजेड नको का?"

हवाच. मात्र उजेड आणि काच यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही. टेबलाच्या उंचीखालची काच टेबलावर जवळजवळ काहीच उजेड टाकत नाही, ती फक्त पायांना ऊन देते. खोलीत आतपर्यंत उजेड पोचवते ती वरची, छताजवळची काच. म्हणून टेबलापासून वर खिडकी, तीही उंच, आणि पांढरं छत, एवढ्यावर चांगला उजेड मिळतो. काच त्याहून जास्त केली की डोळ्यांवर चकाकी येते, ब्लाइंड्स उतरतात आणि दिवे लागतात. आमच्याकडे रोज दुपारी हेच नाटक चालतं.

रात्रीची थंडी दिवसा वापरायची

झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारेत, ईस्टगेट सेंटर नावाची दुकानं आणि ऑफिसांची मोठी इमारत आहे. १९९६ची. वास्तुरचनाकार मिक पीअर्स. तिच्यात नेहमीसारखी एसी यंत्रणा नाही. हरारे समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटरच्या आसपास उंचीवर आहे. दिवसा तापतं, रात्री चांगलं गार होतं. पीअर्सने त्या फरकाचाच वापर केला. रात्री मोठे पंखे बाहेरची गार हवा पोकळ काँक्रीटच्या मजल्यांमधून फिरवतात. काँक्रीट थंड होतं. दिवसा पंखे हळू चालतात, आत येणारी हवा त्या थंड काँक्रीटवरून येते आणि माणसा-यंत्रांमुळे तापलेली हवा छतावरच्या धुराड्यांवाटे बाहेर जाते. खिडक्या भिंतींच्या मानाने लहान.

ही इमारत 'वाळवीच्या वारुळावरून सुचलेली' म्हणून जगभर गाजली. प्रेरणा खरी, पण वारूळ तसं काम करत नाही, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. त्याचा मुख्य उपयोग आतल्या हवेची देवाणघेवाण, तापमान राखणं नव्हे. चुकीच्या समजुतीतून चांगली इमारत उभी राहिली. मला ही गोष्ट फार आवडते.

जड वस्तूंच्या उष्णता साठवण्याच्या या गुणाला 'थर्मल मास' म्हणतात. फोडणीची लोखंडी कढई उतरवल्यावरही बराच वेळ गरम राहते आणि ॲल्युमिनियमची पातळ थाळी चटकन निवते, तोच प्रकार. काँक्रीट किती साठवतं? एक घनमीटर काँक्रीट एका अंशाने तापायला सुमारे ०.६ युनिट उष्णता लागते (युनिट विजेच्या बिलातलंच, म्हणजे एक किलोवॅट तासभर). शंभर चौरस मीटरच्या हॉलवर पंधरा सेंटीमीटरचा स्लॅब म्हणजे पंधरा घनमीटर. तो रात्री पाच अंशांनी निवला तर दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस युनिट उष्णता गिळू शकतो. नऊ तासांच्या ऑफिसात हे जवळजवळ दीड टन झालं. प्रत्यक्षात त्यातलं निम्मं साधलं तरी वाईट नाही.

पुण्यात मार्च-एप्रिलला दिवसा ३७-३८ आणि पहाटे वीसच्या आसपास असतं. म्हणजे रात्रीच्या गारव्याची इथे रेलचेल. तो वाया का जातो? आम्ही रात्री आठला काचा बंद करून जातो आणि इमारत रात्रभर दिवसाची उष्णता कवटाळून बसते. दुसरं कारण डोक्यावर आहे, फॉल्स सिलिंग. स्लॅब आणि माणूस यांच्यामध्ये आपण जिप्समचा पडदा लावतो, खाली कार्पेट पसरतो. साठवणीची टाकी बांधायची आणि तिला तोटीच बसवायची नाही, असं हे.

नागपूरचा कूलर, अहमदाबादचा मनोरा

विदर्भातल्या माणसाला पुढचा भाग समजावून सांगायला नको. पाणी हवेत विरताना भोवतालची उष्णता घेऊन जातं. माठ त्यामुळेच गार. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते. नागपुरात मेमध्ये पारा ४३ला आणि हवा कोरडीठाक, त्यामुळे वाळ्याच्या ताटीतून आलेली हवा पंधरा अंशांनीसुद्धा खाली येऊ शकते. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. ओलसर हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोलीचा भपकारा होतो.

हाच कूलर इमारतीएवढा केला तर? अहमदाबादजवळचं टोरेंट रिसर्च सेंटर हे त्याचं गाजलेलं उदाहरण, १९९०च्या दशकातलं. रचना 'अभिक्रम' संस्थेच्या निमिष पटेल आणि परुल झवेरी यांची. मधल्या उंच पोकळीच्या माथ्यावर पाण्याचे अगदी बारीक तुषार उडवतात. तिथली हवा गार होते, जड होते आणि पंख्याशिवाय खाली उतरते. वाटेत झडपांमधून एकेका मजल्यावर शिरते आणि कडेच्या मनोऱ्यांतून बाहेर पडते. कडक उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा नऊ-दहा अंशांनी कमी नोंदवलं गेलं. पावसाळ्यात तुषार बंद, छताचे पंखे सुरू. आणि जिथे तापमान काटेकोर राखावंच लागतं अशा खोल्यांना तिथेही एसी आहे. ती कबुली मला प्रामाणिक वाटते.

"उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही हवेत उडवता?" हा आक्षेप रास्त आहे. एक टन गारव्याला या मार्गाने तासाला पाचेक लिटर पाणी जातं. पन्नास टनांच्या ऑफिसला अडीचशे लिटर. पण छतावर पाण्याचे कूलिंग टॉवर असलेल्या मोठ्या एसी यंत्रणाही पाणी पितातच, आणि वर वीजही खातात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सावली, मग उरलेल्या उष्णतेपुरतं पाणी.

"मुंबईत यातलं काय चालणार?"

बरंचसं चालत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मेमध्ये मुंबईत दिवसा ३३-३४ आणि रात्री २७. रात्रीचा गारवाच नाही तर साठवणार काय? आणि हवा आधीच ओली, तीत पाणी उडवणं म्हणजे पावसात कपडे वाळत घालणं. तिथे घाम वाळणं हाच गारवा, आणि त्यासाठी वारा लागतो. म्हणजे कोकणातल्या पडवीची तऱ्हा: खोल सावली, समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या, फार रुंद नसलेली इमारत, पंखे.

मुंबईची पंचाईत अशी, की समुद्र पश्चिमेला. वारा तिकडून, देखावा तिकडे, आणि दुपारचं ऊन व पावसाची झड हीसुद्धा तिकडूनच. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी पेडर रोडच्या 'कांचनजंगा'त (१९८३) यावर दुमजली उंचीच्या खोल गच्च्यांचा तोडगा काढला: खोल्या आत, ऊन-पाऊस बाहेर थोपवलेला. ती राहण्याची इमारत. पण फोर्टातल्या जुन्या ऑफिस-इमारतींचे व्हरांडे हेच करत होते. नंतर एसी आला आणि पुष्कळ ठिकाणी व्हरांडे बंद करून टेबलं मांडली गेली. जागा वाढली, सावली गेली.

दमट महिन्यांत मुंबईतल्या ऑफिसला एसी लागणारच, हवेतलं पाणी काढायला तरी. बिनयंत्राच्या गारव्याने तिथे एसी जात नाही, लहान होतो आणि डिसेंबर-जानेवारीत बंद ठेवता येतो.

'गार' म्हणजे किती अंश?

ऑफिस म्हणजे २२-२३ अंश, ही सवय सूट-बूट घालणाऱ्या थंड देशांतून आली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४मध्ये भारतीय ऑफिसांतल्या माणसांना विचारून एक सूत्र मांडलं. ते २०१६च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही आलं. उघड्या खिडक्यांच्या ऑफिससाठी: बाहेरच्या गेल्या महिनाभराच्या सरासरी तापमानाला ०.५४ने गुणा आणि १२.८३ मिळवा. सरासरी ३० असेल तर उत्तर येतं २९. म्हणजे ज्या माणसाच्या अंगाला बाहेरच्या उन्हाळ्याची सवय आहे, त्याला पंख्याखाली २९ अंश ठीक वाटू शकतात. पंख्याच्या वाऱ्याने आणखी दोन-तीन अंशांचा दिलासा मिळतो. पंखा खोली गार करत नाही, माणसाला करतो. रिकाम्या खोलीत तो नुसता वीज जाळतो.

याचा अर्थ मंत्र्यांच्या २८ला हसू नये. ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो की एसी एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. पण २८ सुसह्य व्हायला पंखा हवा आणि पाठीमागची काच तापलेली नको. तापलेली भिंत हवेच्या तापमानाला जुमानत नाही, शेकोटीसारखी थेट अंगाला लागते. खिडकीच्या रांगेतल्यांना १८मध्येही घाम फुटतो तो याच कारणाने.

"इतकं सोपं असेल तर बिल्डर करत का नाहीत?"

कारण बिल तो भरत नाही. बांधतो एक, भाड्याने घेतो दुसरा, विजेचं बिल येतं दुसऱ्याला. व्हरांडा म्हणजे बिल्डरच्या लेखी विकता न येणारी जागा. काचेचा पडदा मात्र झटपट चढतो, ब्रोशरमध्ये छान दिसतो.

उघड्या खिडक्यांची गैरसोयही खोटी नाही. धूळ, रस्त्याचे हॉर्न, डास, पावसाची झड. डासांची जाळी लावली की वाराही कमी होतो. रात्री खिडक्या उघड्या ठेवायच्या तर चोरीची भीती. याला जाळीच्या झडपा, धुळीचे फिल्टर लावलेले पंखे, उंचावरची गवाक्षं असे उपाय आहेत. पण ते नकाशातच असावे लागतात, मागून ठोकून बसवता येत नाहीत.

बांधून झालेल्या इमारतीचं काय?

गच्चीपासून सुरुवात करा. आपल्याकडे उन्हाळ्यात सर्वात जास्त ऊन भिंतींवर नाही, छपरावर पडतं. पांढरा परावर्तक रंग, निदान चुना, किंवा जुन्या पद्धतीचा पांढरा चायना मोझॅक. वरच्या मजल्याला फरक पहिल्याच दुपारी कळतो. पश्चिमेला बाहेरून जाळी किंवा पट्ट्या बसवता आल्या तर उत्तम, त्या नाही जमल्या तर काचेवर फिल्म. छताचे पंखे परत लावा आणि एसी २६-२७वर आणा. फॉल्स सिलिंग निदान काही भागातून काढा. सर्व्हरसाठी वेगळा लहान एसी ठेवा, म्हणजे दोन यंत्रांसाठी अख्खा मजला गार ठेवावा लागणार नाही.

आणि नवी जागा भाड्याने बघत असाल तर एप्रिल-मेमध्ये, दुपारी चार वाजता बघायला जा आणि पश्चिमेच्या काचेला आतून हात लावा. एजंट सकाळची वेळ सुचवेल. आम्हाला आमची जागा डिसेंबरात दाखवली होती, सकाळी अकराला. सगळ्यांनी एकमुखाने म्हटलं होतं, काय छान उजेड आहे!